मापांपुरती जागा

प्रिय पिल्लू,

परवा तुझा फोन ठेवल्यापासून माझं कशातच लक्ष नव्हतं. लग्नाला सगळे येणार, हॉल ठरला, सगळं ऐकून काळीज सुपाएवढं झालं होतं, आणि मग तू म्हणालीस की पोशाख तिथेच दुकानातून तयार घेईन, आई, तू उगाच दगदग करू नकोस. दगदग! अगं, जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींचे लग्नाचे कपडे शिवले मी, आणि स्वतःच्या मुलीच्या वेळेला ती दगदग झाली होय? मी नुसतं बरं म्हटलं. तुझ्या बाबांनी माझं तोंड पाहिलं आणि गुपचूप रेडिओ लावला. तर आधीच सांगते, आडपडदा नको. तुझा पोशाख मलाच शिवायचाय. पण रुसून-फुगून लिहीत नाहीये, रुसवा कालच संपला. तो कसा संपला ते सांगायचं तर तुझ्या त्या ऑर्गनायझरपासून, त्या खिशातल्या विजेच्या वहीपासून सुरुवात करायला हवी.

मी त्याला अजून डबीच म्हणते. आठवतंय ना, मापांच्या वहीवर मी गरम इस्त्री टेकवली होती आणि निम्म्या गावाच्या छाती-कंबरा जळून गेल्या होत्या? तू परदेशी निघायच्या गडबडीत होतीस, तरी बसून उरलेली सगळी मापं डबीत घातलीस आणि डबी मलाच देऊन गेलीस. मी जळक्या पानांवरून वाचत होते आणि तू तिच्या त्या काडीने पडद्यावर टुकटुक करत होतीस. मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, हातात मावणारी पाटी ती, तिच्यात माझी गिऱ्हाइकं कुठली मावायला? आता एप्रनला तिच्यासाठी वेगळा खिसा शिवलाय, आतून फ्लॅनेल लावून. बाबा म्हणतात माझ्या शर्टाला एवढं अस्तर कधी लावलं नाहीस. चार्जिंग संपत आलं की माझाच जीव वरखाली होतो.

नावं मात्र मी माझ्याच पद्धतीने घालते. खरी नावं मला मेलीला लक्षात राहत नाहीत, अंगं राहतात. त्यामुळे डबीत 'उजवा खांदा खाली' आहे, 'मान नाहीच' आहे, आणि बँकेतल्या त्या साहेबांचं नाव 'पोट उद्या कमी' असं आहे, कारण दर वेळी ते सांगतात की मी व्यायाम सुरू केलाय, तुम्ही घट्टच शिवा. मी घट्ट शिवते आणि शिवणीत आत दोन बोटं कापड सोडून ठेवते. महिन्याभरात येतातच उसवायला. तेही हसतात, मीही हसते.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर गायनमंडळाचं काम आलं. आख्खं मंडळ, बायका-पुरुष मिळून, सगळ्यांना एकसारखे अंगरखे. मी टेप गळ्यात घालून तालमीच्या हॉलमध्ये गेले, पहिल्या ओळीतल्या बायकांची मापं घेतली, आणि डबीने पाटी लावली की मेमरी भरली आहे, काही नोंदी पुसा. सगळं मंडळ हात पसरून माझ्यासमोर उभं, आणि मी त्या काडीने टोचत बसलेय! शेवटी बाकीची मापं मी खडूने माझ्याच एप्रनवर लिहिली. घरी येईपर्यंत निम्मी पुसली गेली होती आणि एका जाड्या गायकाची कंबर माझ्या कोपरावर उमटली होती.

मग घरात साफसफाई सुरू झाली. डबीत किती जागा रिकामी आहे ते दाखवणारी पट्टी असते ना, तू दाखवली होतीस, ती उघडून बसायचं आणि एकेक नाव पुसायचं. पण असं मुकाट्याने कसं पुसणार माणसाला? म्हणून मी मोठ्याने नाव वाचायची आणि बाबा सांगायचे की हा गाव सोडून गेला, ही आता मुलाकडे असते, हे बिचारे वारले. वारलेल्यांना पुसताना त्यांचा एखादा कपडा आठवून मी सांगायची की याची कॉलर किती छान झाली होती. बाबांना गंमत वाटू लागली. आज किती जण काढायचे, असं तेच चहा झाला की विचारायला लागले. पण गंमत अशी की इतकी माणसं काढूनसुद्धा ती पट्टी जिथल्या तिथे. मुंगीएवढीही जागा होईना. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. बाबांना वाटलं डबी म्हातारी झाली, आमच्यासारखी.

शेवटी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे गेले. तो हल्ली घड्याळांपेक्षा असली यंत्रंच जास्त उघडून बसतो. त्याने दोन मिनिटं टकटक केली आणि हसायलाच लागला. म्हणे, बाई, तुम्ही पुसलेलं एकही माणूस बाहेर गेलेलं नाही. पुसताना खाली एक बारीक चौकोन येतो, की याची प्रत संगणकासाठी जपून ठेवायची का. तू त्यावर खूण करून ठेवली होतीस, आई चुकून काही घालवेल म्हणून. आणि संगणक तर आपण कधीच देऊन टाकला! मग ती सगळी माणसं कधीतरी संगणकाला जोडतील या आशेवर डबीतच दाटीवाटीने बसून होती. त्याने डबी त्याच्या संगणकाला जोडली, सगळ्यांना वाट करून दिली, आणि पट्टी पहिल्यांदा हलली.

पण हलली ती एवढीशीच. तेव्हा तो म्हणाला की मापं म्हणजे नुसते आकडे, त्यांना जागा लागतेच किती? तुमचं आख्खं गाव मिळून या एका सापापेक्षा कमी आहे. साप म्हणजे तुझा तो खेळ, दाणे खाऊन लांब होणारा. तो होता, तुझा तिकडच्या भाषेचा शब्दकोश होता, आणि तुझ्या शहराचा नकाशा. जागा खाऊन बसलेले खरे पाहुणे हे तिघं. ते पुसले की तुम्ही मोकळ्या, असं तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, साप राहू दे. मला तेव्हा कळलं की मी मशीनवर असते तेव्हा हे गृहस्थ डबी घेऊन काय करतात!

आणि नकाशा मला नको होता पुसायला. तुला कधी सांगितलं नाही, पण तू गेलीस त्या वर्षी मी रोज त्यात फिरायची. काडी तुझ्या खोलीच्या चौकावर टेकवायची, पुलावरून पलीकडे न्यायची, तू काम करतेस त्या बेकरीच्या गल्लीत सोडायची. फोनवर तू म्हणायचीस की पुलाचं काम चाललंय, वळसा घालावा लागतो, तर मी डबीतसुद्धा वळसा घालून जायची. आता कमी झालंय ते. आता तू बरी आहेस हे कळतं आवाजावरून. तरी असू दे म्हटलं. घड्याळवाल्याने एक नखाएवढं कार्ड विकत दिलं, बाजूच्या खाचेत बसतं. साप, शब्दकोश आणि नकाशा त्याने कार्डावर हलवले आणि डबी अशी रिकामी झाली की मलाच मोकळं मोकळं वाटलं. गायनमंडळ आरामात बसलं. अंगरखे कापूनसुद्धा झाले.

त्याच खुशीत मी काल दुपारी डबी वरपासून खालपर्यंत चाळत होते, आणि यादीत 'पिल्लू' आलं. उघडलं. खांदा, छाती, बाही, सगळं तुझ्या काडीने लिहिलेलं. त्याच आकड्यांवर मी तुझा तपकिरी कोट शिवला, निळा झगा शिवला, मागच्या थंडीत ते करडं जाकीट पाठवलं. आणि दर वेळी तुझं उत्तर काय? आई, अगदी मापात बसलं. मला अभिमान वाटायचा, की बघा, समुद्रापलीकडून शिवते, तरी मापात!

नेमकं कालच होणाऱ्या जावयांचं पाकीट आलं. किती सरळ माणूस आहे गं. आपण होऊन फोटो पाठवला, मागे लिहिलं की तुम्ही शिवलेला कोट ही रोज घालते. तू बेकरीच्या दारात उभी, कोट अंगात, तोंडभर हसतेयस. बाकीचे लोक आधी चेहरा बघतात, शिंप्याची नजर आधी शिवणीवर जाते. एक बटण लागलेलं नाही. बाही मनगटाच्या चांगली वर. आणि काखेतून पाठीकडे त्या ओढीच्या चुण्या! मी आधी ओरडलेच की कोट गरम पाण्यात कुणी धुतला. मग चष्मा पुसला आणि तुझ्याकडे पाहिलं. काय खांदे झालेत गं तुझे! इतकी वर्षं कणीक तिंबून तिंबून दंड कसे भरलेत! तू गेलीस तेव्हा हँगरवर लटकवल्यासारखी होतीस. ही फोटोतली चांगली धडधाकट बाई आहे, उभी राहिली तर दार भरतं. बाबांना दाखवलं तर म्हणाले, अगदी तुझ्यावर गेली. मीसुद्धा आरशात बघून आले.

मग ट्यूब पेटली. दुकानातला पोशाख घेते असं तू का म्हणालीस ते! आईचा पोशाख येणार, त्या दिवशी बटणं लागणार नाहीत, आणि आई समोर उभी. मला वाईट वाटू नये म्हणून कुडकुडत राहिलीस, वेडाबाई, उघड्या कोटात? शाळेत बाईंना तोंडावर सांगणारी तू, की तुमचं गणित चुकलंय, आणि मला दोन शब्द लिहिता येईनात, की आई, मी जाड झाले? चांगली कानउघाडणी करणार होते मी तुझी. पण खरं सांगू, मला इतकं हलकं वाटलं. परवापासून मला वाटत होतं की माझा हात तुला नकोसा झाला, माझी शिवण जुनाट झाली. तसलं काहीच नव्हतं. नुसतं माप जुनं होतं, आणि ते तर शिंप्याच्या हातचं काम. थोडी रडले, मग बाबांनी चहा केला, साखर विसरून.

तर आता नीट वाच, कारण पत्र त्यासाठीच आहे. डबीतली तुझी मापं मी काल पुसली. मोठ्याने वाचून पुसली, बाबा समोर होते. जागेसाठी नाही हं, जागा आता भरपूर आहे. पाकिटात माझी टेप घातलीय, ती सांभाळून काढ. तिचं पत्र्याचं टोक तुटलंय हे तुला माहीत आहे, एकच्या खुणेपासून धरायचं आणि शेवटी एक वजा करायचा. जावयांना सांग विसरू नका, नाहीतर त्यांच्या बायकोचा पोशाख इंचभर ढगळ होईल. स्वतःची स्वतः मापं घ्यायची नाहीत. त्यांना घेऊ दे, त्यांनाही सवय होऊ दे. सरळ उभी राहा, श्वास सोड, पोट आत ओढू नकोस, आणि मला बरं वाटावं म्हणून एक बोटसुद्धा कमी लिहू नकोस. कापड आणून ठेवलंय, भरपूर आणलंय. टेप लग्नाला येईन तेव्हा परत घेईन, तोवर गळ्यात काही नाही म्हणून चुकल्यासारखं होतंय. डबीत तुझं नाव ठेवलंय, पुढचे आकडे तेवढे तू भरायचे आहेत.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई