चिलेशेबाबांच्या घरची शांतता

प्रिय आईस, लुबेनीचा गुडघे टेकून नमस्कार.

मी बरा आहे, खोकला गेला. तुझा गुडघा कसा आहे? मका सोलायला माणसं मिळाली का?

तरुण मंडळाचा अध्यक्ष झाल्याचं कळवलं होतंच. सगळ्या जमातींना सारखा मान मिळावा म्हणून मी सभागृहाच्या दारावर नियमाची पाटी ठोकली, ‘कोणीही कोणाची जमातीवरून थट्टा करू नये.’ शुद्धलेखन तीनदा तपासलं. टाळ्याही पडल्या.

शनिवारी शेजारचे चिलेशेबाबा वारले. ते बेंबा जमातीचे. त्यांचं-आपलं पिढ्यांचं थट्टेचं नातं, ते आपल्याला उंदीरखाऊ म्हणणार, आपण त्यांना माकडखाऊ; म्हणजे मयताच्या घरीही त्यांची टर उडवायचा मान आपला, न्गोनींचा. पण माझ्या नियमामुळे आपली सगळी माणसं गप्प बसली. मीही बसलो.

शेवटी त्यांची बायकोच मला म्हणाली, “काय रे उंदीरखाऊ, माझा नवरा एवढा परका होता? त्याला दोन शिव्या द्यायला एकही न्गोनी नाही?”

आई, मान वर करवेना. या गावात आलो तेव्हा पहिला महिना मी त्यांच्याच घरी जेवलो होतो.

मी उठून शवपेटीपुढे आडवा पडलो. “ऊठ रे माकडखाऊ म्हाताऱ्या! आजही आयतं उचलून न्यायला हवं होय?” त्यांची बायको आधी हसली, मग पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

पाटी काढली आहे. दारावर खिळ्यांची चार भोकं राहिलीत, येताजाता दिसतात. तिकडे आपल्या गावात माझ्या अध्यक्षपदाचं कौतुक सांगत फिरू नकोस.

तुझाच,
लुबेनी