फुटलेल्या काचेबद्दल वन्संना

फेअरहेवन, विस्कॉन्सिन
२० नोव्हेंबर १९६९

ती. मार्जरीवन्सं यांस,

अर्डिसचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? भावजींना डॉक्टरांनी लोणी बंद केलंय म्हणे. चोरून खात असतील, लक्ष ठेवा. इकडे सगळं खुशाल आहे, दुकानाची दर्शनी काच सोडून. ती मीच फोडली, अशी बातमी एका रात्रीत डुलुथपर्यंत पोचलेली दिसते. ('भावाच्या पोटावर पाय देणारी भावजय' हे आज सकाळी आलेल्या तुमच्या तारेतलं वाक्य मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी पाव चावणं थांबवलं नाही.) तेव्हा आता माझ्याच तोंडून ऐका.

आम्ही चर्चमधल्या बायका दर बुधवारी दुपारी पोस्टासमोर, म्हणजे आपल्या बुटांच्या दुकानाला लागूनच, तासभर मुकाट उभ्या राहतो. हातात 'युद्ध थांबवा' एवढाच फलक. (अर्डिस आणि तासभर गप्प, असं म्हणून तुम्ही हसाल. हसा. मलाही खरं वाटत नाही. एकदा नाकावर माशी बसली, तिलासुद्धा काही बोलले नाही.) हे त्यावर चकार शब्द काढत नाहीत, पण बुधवारी रात्री सूपकडे असं बघतात, जणू ते शत्रूने शिजवलंय. आपला कर्टिस तिकडे व्हिएतनाममध्ये सैन्याचा ट्रक चालवतोय आणि त्याची आई इकडे फलक धरून उभी, हे ह्यांना सोसत नाही. मला म्हणाल तर कर्टिस तिकडे आहे, म्हणूनच मला घरात बसवत नाही.

तर काल आम्ही उभ्या असताना कॉलेजची पोरं मोर्चा घेऊन आली. ढोल, घोषणा, शिव्या. (काही शिव्या मला नवीन होत्या.) दुकानाच्या पलीकडे सैन्यभरतीची कचेरी आहे, तिच्यावर त्यांचा राग. डोक्यावर फुटबॉलचं शिरस्त्राण घातलेल्या एका लंबूने कचेरीवर नेम धरून दगड मारला आणि तो आला थेट आपल्या दुकानात. खोटं कशाला बोलू वन्सं, काच खळ्ळकन फुटली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. एवढे महिने उभी आहे, कुणी ढुंकून बघत नाही. आता एकदाचा आवाज तरी झाला! आणि मग आत पाहिलं, तर हे दोन्ही हात डोक्यावर घेऊन बाकाखाली. तुमचा भाऊ, वन्सं, सहा फुटांचा माणूस, लहान मुलांच्या बाकाखाली. मग मात्र मला कसलंही फुटणं नको झालं. तिकडचंही नको आणि इकडचंही.

माझं मौन तिथेच संपलं. त्या लंबूच्या शिरस्त्राणाचा पट्टा धरून मी त्याला खाली वाकवलं.

"युद्ध थांबवायला दगड मारतोस होय रे?"

"काकू, सरकार ऐकतच नाही!"

"मग सरकार काय बुटांच्या दुकानात बसतं?"

तो म्हणाला, "नेम चुकला." मी म्हटलं, "ते दिसलंच!"

एवढ्यात पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मला काही दिसेना, पण पट्टा सोडला नाही. तेवढ्यात ह्यांनी दार उघडून मला आत ओढलं, आणि माझ्यामागून तो लंबूही आपसूक आला. मागच्या खोलीत तिघं डोळे धूत बसलो. त्याचं नाव ड्वेन; तत्त्वज्ञान शिकतो. (बुटाची नाडी सुटलेली होती.) डोळे उघडल्यावर ह्यांनी सुरू केलं, "महायुद्धाच्या वेळी आम्हाला बोलावलं, आम्ही गेलो." सणाच्या टर्कीच्या जेवणाला दरवर्षी होणारं भाषण हो, आपल्याला पाठ आहे. पण ड्वेनने मध्येच विचारलं, "तुम्हाला जावंसं वाटलं होतं, काका?"

ह्यांनी खुंटीवरचा टॉवेल ओढला. मग टॉवेलात तोंड घालून म्हणाले, "इटलीत पहिल्या रात्री मी आईला हाका मारत होतो. मोठ्याने. सार्जंटने माझं तोंड दाबून धरलं." लग्नाला इतकी वर्षं झाली, वन्सं, मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं? मी काहीतरी विनोद करणार होते, जमला नाही. मग ह्यांनी उठून ड्वेनच्या हातात झाडू दिला. पोराने काचेचा एक कण शिल्लक ठेवला नाही. जाताना ह्यांनी त्याला नाडी बांधायला लावली.

तर काच मी फोडलेली नाही. तुमच्या लाडक्या भावाची मतं होती तिथेच आहेत, तेव्हा निश्चिंत असा. भावजींना नमस्कार.

तुमची,
अर्डिस

ता. क. यातलं कर्टिसला काही कळवू नका. त्याला मी लिहिलंय की दुकानाला नवी काच बसवतोय, उजेड वाढावा म्हणून.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र लिहायला बसले ते यासाठी: मामंजींचा लोकरीचा जाड कोट तुमच्याकडे आहे ना? तेवढा पार्सलने धाडा, बुधवारच्या आत पोचेल असा. ह्यांनी कालच मला बजावलंय, की पुढच्या बुधवारपासून तेही आमच्या शेजारी उभे राहणार. फक्त कुणी दगड मारू नये म्हणून, दुसरं काही नाही. पण आज सकाळी ते तळघरात माझ्या फलकाला लांब दांडा ठोकत होते, त्यांच्या उंचीला पुरेल असा. कोट मी मागितला असं सांगू नका. कपाट आवरताना सापडला म्हणा.