धुऱ्यावर बसलेली वाघी

श्रावण वद्य ३, शके १७८६

वाघीनं आज पुन्हा दोन मेंढ्या खुशालराव पाटलांच्या कापसात, उभ्या पऱ्हाटीत घातल्या! कुत्रीचं काम मेंढ्यांना पिकाबाहेर ठेवायचं. ही पोरगी उलट त्यांच्यामागं खेळत खेळत पिकात! पाटील ओरडले — "नत्थुजी, आता एक पान जरी खाल्लं, तं कळप कोंडवाड्यात!" करतीलही. समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आहे म्हणतात, कापसाला सोन्याचा भाव आला, म्हणून इथलं गायरानसुद्धा कापसाखाली गेलं. मेंढ्यांना चालायला दोन शेतांमधला धुरा तेवढा उरला.

श्रावण वद्य ८

माझे वडील पिल्लाला वर्षभर जुन्या कुत्र्यासोबत बांधून हिंडवत. पाहून पाहून शिकायचं ते. आमचा म्हातारा कुत्रा उन्हाळ्यात मेला. आणि वर्षभर थांबायची सोय कुठं आहे? पऱ्हाटीची वाळकी काठी घेतली. पाऊल पिकात पडलं की फटका.

मुलगा गोवर्धन म्हणाला, "बा, लेकरू हाये ते. काहून मारून राहिले?"

"मग तू बोल पाटलाशी!"

तो मेंढ्या वळवायला गेला.

भाद्रपद शुद्ध २

शिकली! मेंढी पिकाकडे वळली की वाघी आडवी येते. स्वतः पाऊल टाकत नाही. पाटीलही हसले — "तुमच्या कुत्रीले शेताची सीव पटवाऱ्याहून जास्त समजते!" बरं वाटलं. काठी मात्र हातातच ठेवतो. विसरली तर?

कार्तिक वद्य ५

काय लिहू. दिवस मावळताना लांडग्यानं भुरी मेंढीला धरलं, पऱ्हाटीत ओढत नेलं. वाघी या भुरीच्याच दुधावर वाढली. पिल्लाला कळपाची माया लागावी म्हणून आम्ही त्याला मेंढीलाच लावतो.

वाघी धावली. धुऱ्यापर्यंत धावली — आणि थांबली! मी काठी हलवून ओरडलो, "जाय! वाघे, जाय!" तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. अंग चोरून खाली बसली. थरथरत होती. आत भुरी ओरडत होती. मग ओरडणंही थांबलं.

कार्तिक वद्य ६

सून मनकर्णानं भाकर टाकली. वाघीनं तोंड लावलं नाही. मलाही गेली नाही. काठी चुलीत घातली.

माघ शुद्ध १०

कापसाचा शेवटचा वेचा झाला. पाटलांनी शेत मोकळं केलं. मेंढ्या उरलासुरला पाला खातात, तिथंच बसतात, जमिनीला खत होतं. सगळा कळप आत गेला. वाघी धुऱ्यावर! मी आत उभा राहून हाका मारल्या. भाकर दाखवली. उचलून आणली तर हातातून सुटून पळाली.

"पऱ्हाटीचं भेव बसलं तिले," गोवर्धन म्हणाला.

खरं आहे. सगळा मुलूख पऱ्हाटीचा, आणि हिला पऱ्हाटीचं भय! कुठं जाईल ही? वडिलांसारखं वर्षभर थांबलो असतो तर — काय बिघडलं असतं?

माघ शुद्ध १२

अंगात ताप. गोवर्धन एकटा गेला, रात्री कळपासोबत शेतातच राहणार. वाघी कामाची नाही, आणि लांडगा तर तिथंच आहे. जीव थाऱ्यावर नाही.

माघ शुद्ध १३

गोवर्धन हसतच आला. "बा, वाघी आली ना पऱ्हाटीत! हाक बी नाई मारली. दोन्ही दिवस कळपाभवती फिरली, लांडग्याले दुरूनच भुकली!"

मी तसाच उठून अंगणात गेलो. वाघी शेपूट हलवत गोवर्धनच्या पायात घोटाळत होती. मला पाहिलं आणि बसली. अंग चोरून.

माघ शुद्ध १४

ताप उतरला आहे. गोवर्धनला सांगितलं, अजून आहे, कळप तूच ने.