भाता तुमच्याकडे होता

दादा, परवा पुण्यात एका साल्सा बँडबरोबर पियानो वाजवला. कार्यक्रमानंतर एकाने विचारलं, तुमचा डावा हात इतका मोकळा कसा? मी म्हटलं, जन्मजातच आहे. हे उत्तर मी इतकी वर्षं देतेय की आता ते तोंडात बसलंय.

मी सहा वर्षांची आहे. पेटीचा भाता मला झेपत नाही, म्हणून भातखाचरातून आलेले तुम्ही चिखलाच्या पायांनीच माझ्यासमोर मांडी घालून बसता आणि पलीकडून भाता मारता. मी दोन्ही हातांनी पट्ट्या बडवते. आई चुलीपुढून म्हणते, आधी जेवून घ्या. पुढे मी मोठी झाले तरी आपण तसेच बसत राहिलो, कारण दोघांनाही ते आवडायचं. मग आणे गावी मावशीकडच्या भजनात तुम्ही मला एकटीला पेटीवर बसवलंत. सवयीने दोन्ही हात पट्ट्यांवर गेले आणि पेटी दोन सुरांत गप्प झाली. भाता मारायला गेले तर उजवा हात चुकू लागला. पखवाजवाला तुम्हाला म्हणाला, "लेकीला आर्धीच पेटी शिकिवली राव." सगळे हसले. परतताना जीपमध्ये मी तुम्हाला नको नको ते बोलले.

कॉलेजसाठी पुण्याला आले आणि पियानोच्या बाईंकडे जाऊ लागले. त्या म्हणाल्या, पेटीवरून आलेल्यांचा नुसता भाता मारणारा डावा हात जागा व्हायला वर्ष जातं, तुझा आधीच जागा आहे, कुणी शिकवलं? मला लगेच तुमची समोरची मांडी दिसली. तरी मी म्हणाले, कुणी नाही. त्याच हाताच्या जोरावर जॅझ शिकले, हॉटेलात वाजवायची पहिली नोकरीही त्यानेच दिली.

त्या नोकरीच्या दिवसांतच तुम्ही दवाखान्यात होतात. माझा हात धरून म्हणालात, "तुला पेटी नीट शिकिवली न्हाई मी. लई चुकलं माझं." मी म्हटलं, जाऊ द्या दादा. खरं सांगितलं तर डाव्या हाताच्या कौतुकातला निम्मा वाटा तुम्हाला द्यावा लागेल, एवढंच तेव्हा मनात आलं. लाज वाटते लिहिताना.

आता तुम्ही नाही; हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. मी 'जाऊ द्या' म्हटल्यावर तुम्ही डोळे मिटलेत. मी माफ केलं, असं तुम्हाला वाटलं असणार. माफ करण्यासारखं काही नव्हतंच दादा, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं.