व्हायोलिनची, भिंतीची आणि जाऊबाईंची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, शिलाई मशीन दुरुस्त करून पोट भरलेली आणि गल्लीत ‘मशीनकाकू’ म्हणून ओळखली जाणारी विधवा बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवीत आहे. मला रक्तदाब आहे, पण तो औषधाचे ऐकतो. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी लेखी दिले आहे. साठी उलटल्यावर व्हायोलिन शिकायला बसलेल्या बाईला असा दाखला लागतोच, असे माझ्या मुलीचे म्हणणे.

१. माझे पूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात घराची माझी अर्धी बाजू धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याला विकावी असे लिहिले होते. पलीकडे राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या भिंतीवर दिवसभर पोती आदळावीत, एवढाच त्यामागचा हेतू होता. आता तो हेतू राहिलेला नाही. जुना कागद मी फाडला आहे.

२. बँकेतील ठेव आणि अंगावरचे दागिने मुलीला द्यावेत. ती लांब राहते, पण फोन चुकवत नाही. मी शिकायला लागले तेव्हा तिने फोनवर घाबरून विचारले होते, “आई, मागे कोण रडतंय?” मी म्हटले, “व्हायोलिन.” ती म्हणाली, “मग त्याला जेवायला घाल काहीतरी.” तरी तिच्या वाट्यातून मी काही कापलेले नाही.

३. माझी हत्यारे कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना द्यावीत. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर मात्र त्यात धरू नये. तो घरात खुंटीला टांगलेला राहील. कारण पाचव्या कलमात येईल.

४. व्हायोलिन. हे मला एका बँडवाल्याच्या बायकोने दिले. तो गेल्यावर तिने घर आवरायला काढले. तिची मशीन मी सुरू करून दिली होती, म्हणून म्हणाली, “तुम्हाला दुरुस्तीची हौस आहे, हेही घेऊन जा.” आयुष्यभर मी लोकांच्या मशीनचा आवाज बंद करत आले. म्हटले, आता हात रिकामे आहेत, एखादा आवाज काढून बघू.

शिक्षक लावला नाही. या वयात कोणाची बोलणी खायची? गज तारेवर ओढला तर कुरकुरला. आमच्या धंद्यात पहिला धडा हाच, की कुरकुरले की तेल. मी गजाच्या केसांना मशीनचे उत्तम तेल लावले, फडक्याने पुसून पुन्हा लावले. त्यानंतर गज असा काही सुळकन सरकू लागला की मला वाटले, आली विद्या! फक्त आवाज येईना. वाद्यातच खोट आहे म्हणून भांडायला वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने गजाचा वास घेतला आणि तो स्टुलावर बसूनच राहिला. “बाई, याला तेल नाही, राळ लावतात. याने तार सोडायची नसते, धरायची असते.” नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी आजवर फक्त दुसऱ्यांसाठी वापरली होती. गजाचे केस बदलून घेतले आणि राळेची वडी घेऊन मुकाट्याने घरी आले.

राळ लावताच आवाज आला. आणि लगेच भिंतीवर ठोका पडला.

जाऊबाईंचा आणि माझा अबोला घराच्या वाटणीपासूनचा. मध्ये भिंत उठली आणि उन्हाची खिडकी त्यांच्याकडे गेली. मी म्हटले, “ऊनसुद्धा गिळलंत!” त्या म्हणाल्या, “तुझ्या बोलण्याला कधी सूर होता?” दोघींचे नवरे गेले, जाऊबाईंना मूलबाळ नाही, माझी मुलगी सासरी, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. त्या लग्नाआधी गाणे शिकल्या होत्या, हे मला ठाऊक होते. म्हणून त्या बत्त्याने भिंत ठोकू लागल्या तेव्हा मी मुद्दाम जोरात वाजवले.

मग एक गोष्ट ध्यानात आली. ठोका सरसकट पडत नव्हता. एका ठराविक बोटाला पडायचा. बोट जरा पुढे सरकवले की थांबायचा. बिघाड कुठे आहे हे आवाजावरून शोधणे हाच माझा धंदा. मी बोट सरकवत गेले आणि जिथे ठोका थांबला तिथे चिकटपट्टी लावत गेले. फी नाही, नमस्कार नाही, आणि शिक्षिका भिंतीपलीकडे! व्हायोलिनच्या पट्टीवर ज्या चिकटपट्ट्या दिसतात त्या जाऊबाईंच्या कानाने लावलेल्या आहेत. त्या कोणीही काढू नयेत.

५. एका सकाळी मी वाजवायला बसले. बोट घसरले, ठोका नाही. मला वाटले, सुधारले मी. पुन्हा वाजवले, ते तर माझ्याही कानाला टोचले. ठोका नाही. मग मुद्दाम वाटेल तसे बेसूर वाजवले. भिंत गप्प. इतकी वर्षे ज्यांचे तोंड बघायचे नाही म्हणून मी नळावर उशिरा जात होते, त्यांच्या दाराशी मी अनवाणी धावले.

हाका मारल्या. दार आतून बंद. मागचे दार बाहेर उघडणारे, बिजागऱ्या बाहेरून. लांब स्क्रूड्रायव्हर आणला, स्क्रू काढले आणि दार उचलून बाजूला ठेवले. जाऊबाई मोरीपाशी पडल्या होत्या, खुब्याचे हाड मोडलेले. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाल्या, “किती बेसूर वाजवतेस गं! आणि बत्ता तिकडे राहिलेला.”

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच बसून रडले. मग म्हटले, “वहिनी, हलू नका. गाडी बोलावते.” त्या म्हणाल्या, “आधी माझं दार बसव. मांजर शिरेल.”

शस्त्रक्रिया नीट झाली. आता त्या काठी घेऊन चालतात, आणि बत्त्याची जागा काठीने घेतली आहे.

६. माझी अर्धी बाजू माझ्यानंतर मुलीची होईल. परंतु जाऊबाई हयात असेपर्यंत ती कोणालाही विकू नये, व्यापाऱ्याला तर नाहीच. व्हायोलिन जाऊबाईंना द्यावे. “मला कुठे वाजवता येतं? चुकलेलं कळतं फक्त,” असे त्या म्हणतील. तरी द्यावे. खिडकीवरचा माझा दावा मी सोडत आहे. त्यांनी ऊन गिळले हे माझे मत मात्र कायम आहे.

७. मधली भिंत पाडावी.

दुरुस्ती: हा मसुदा वकीलबाई मोठ्याने वाचत असताना सातव्या कलमाला पलीकडून काठीचा ठोका पडला आणि आवाज आला, “भिंत पाडलीस तर ठोकू कशावर?” सबब सातवे कलम असे वाचावे: भिंत राहावी. तिच्यात एक दार काढावे. ते मी गेल्यावर नव्हे, याच आठवड्यात. गवंड्याला सांगून झाले आहे.

जाऊबाईंना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. “मग ते व्हायोलिन ठेव तुझ्याकडेच,” असे उत्तर आले. ते विचारात घेतलेले नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, हलक्या मनाने लिहून दिले आहे. सहीपूर्वी मी व्हायोलिन घेतले आणि चिकटपट्टी सोडून भलतीकडेच बोट ठेवून एक सूर वाजवला. पलीकडून ठोका पडला. मग सही केली.

(सही) मशीनकाकू

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई. सही आमच्यासमोर झाली.
२. वाद्यांचे दुकानदार. ठोकाही आमच्यासमोरच पडला, चांगला खणखणीत.

ठिकाण: भिंतीची माझी बाजू.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच. जाऊबाई काठी टेकत अंगणापर्यंत चालल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.