उलट्या तारांची गिटार

बोईसर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. रूपेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे सगळे बरे आहोत, आणि तूही हर्णैला बरा असशील असं धरून चालले आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाईने विचारलं, "साधं पत्र? कुणाला?" भावाला म्हटल्यावर ती हसली. तिला वाटलं असेल, किती प्रेमाची बहीण.

आपल्या चिंचणीच्या घराचे पत्रे दिवाळीआधी बदलून घेतले. शेजारच्या राहीबाई काकीने सुके बोंबील पाठवलेत, त्यातले तुझ्या नावाने वेगळे बांधून ठेवलेत. काकी दरवेळी विचारते, "रूपेश कवा येनार हाय?" मी म्हणते, बोटींच्या इंजिनांची कामं फार आहेत त्याला.

खरी बातमी म्हणजे तुझ्या भाचीने गिटार घेतली.

रिद्धी आता अकराची झाली, माझ्या खांद्याला लागते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दहावीतली एक मुलगी गिटारवर वाजवून गायली आणि तेव्हापासून हिच्या डोक्यात दुसरं काही नाही. मोबाईलवर बघून झाडूच्या दांड्यावर बोटं ठेवायची. मी म्हटलं, सहा महिने हे वेड टिकलं तर घेऊ. टिकलं. इथे पुंडलिक सर म्हणून आहेत, रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "हातात बसेल एवढीच घ्या. आणि उजव्या हाताचीच घ्या, सगळ्यांकडे उजवीच असते." तेवढं ऐकून आम्ही दोघी मागच्या महिन्यात पालघरला गेलो.

तिथे कमलाकांत काकांचं वाद्यांचं दुकान आहे. लहानसंच. ढोलक्या, हार्मोनियम, लग्नाच्या पार्टीवाल्यांचे बेंजो दुरुस्तीला आलेले, आणि भिंतीवर गिटारी टांगलेल्या. रिद्धीने आत शिरल्या शिरल्या लाल चकचकीत मोठी गिटार दाखवली. काका म्हणाले, "रंगावर जाऊ नको, पोरी. ही मांडीवर घेतलीस तर तुझी हनुवटीच फक्त दिसेल." मग त्यांनी स्टुलावर बसवून तिला एकेक देऊन बघितली. मोठी, मग मधली, मग तिच्याएवढ्या मुलांची. स्टीलच्या तारांनी पहिले दोन महिने बोटं सोलतात, म्हणून नायलॉनच्या तारांची काढली. तारा लाकडापासून फार वर असल्या तर दाबता दाबता पोर कंटाळतं, असं म्हणून तारांखाली नाणं सरकवून मापून बघितलं. मग एक डोळा मिटून गिटारीची मान डोळ्यासमोर धरली, वाक आहे का बघायला. बाबा नवीन वल्हं असंच बघायचे, आठवतं?

मला दुकान आवडलं. माणूसही आवडला. फुलांचा पट्टा रिद्धीला हवा होता, तर म्हणाले, "बसून शिकणार ना? मग पट्टा आत्ता नको. ती तारांवर लावायची क्लिप पण नको, सहा महिन्यांनी ये." त्यांनी दिलं काय? जाड कापडाची पिशवी, कारण आपली खारी हवा लाकडाला बरी नाही. गिटारीच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर, सूर लागला की त्यावर हिरवा दिवा लागतो. तारा छेडायच्या दोन पातळ पिक, आणि तारांचा एक जादा संच. बास. विकणाराच नको नको म्हणतो, असं दुकान मी पहिल्यांदा बघितलं.

आता पुढचं लिहिते. ते लिहिण्यासाठी दुपारपासून बसले आहे.

काकांनी गिटार हातात दिली की रिद्धी ती फिरवून घ्यायची. मान उजव्या हातात, वाजवायला डावा. मी म्हटलं, "नीट धर." तिने सरळ केली. पुढची दिली, तिने परत फिरवली. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. दुकानात अजून एक गिऱ्हाईक होतं, त्याने वळून बघितलं. तेव्हा रिद्धीने गिटार हळूच काकांकडे दिली, दोन्ही हात मांड्यांखाली घातले, आणि म्हणाली, "मला नको गिटार. घरी जाऊ."

रूपेश, ते हात मांडीखाली घालणं मी ओळखलं. तू असाच बसायचास.

काका तिच्या स्टुलाजवळ वाकले. तिला म्हणाले, "नको तर नको. पण मला एक दाखव. गिटार नाहीच असं समज, आणि हवेत वाजव." ती हात काढेना. माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पोटची पोर हवेत हात हलवायला माझी परवानगी मागत होती.

मी म्हटलं, "वाजव. तुला येतं तसं."

तिने वाजवलं. डाव्याने.

मी काकांना विचारलं, आता काय करायचं? ते म्हणाले, "बाई, दोन्ही हातांना काम असतं, पुष्कळ डावखुरे उजवीवर पण शिकतात. तसं शिकली तर काय बिघडत नाय. पण हिला मनापासून ज्या बाजूने येतंय त्या बाजूने शिकूदे. नायलॉनची हाय, तारा उलट्या लावून देतो. तारा बसतात ती वरची पट्टी नवी घासायला लागेल, जाड तारेची खाच जाड पायजे. चार दिवस द्या."

परत येताना एसटीत ती खिडकीकडे बसली होती. पालघर मागे पडल्यावर बाहेर बघतच म्हणाली, "मम्मी, मग जेवताना पण?"

मी म्हटलं, "जेवताना पण."

"लिहिताना?"

"लिहिताना पण. माझं चुकलं, रिद्धी."

बोईसर येईपर्यंत ती माझा हात धरून होती, तोही डाव्यानेच.

तू राखीला आलास आणि न जेवता गेलास, त्याला दीड वर्ष होत आलं. तू आत आलास तेव्हा ती ताटावर बसली होती आणि तिचा डावा हात मी ओढणीने खुर्चीला बांधला होता. तू गाठ सोडलीस, ओढणी घडी करून माझ्या हातात दिलीस, आणि निघालास. मी यांना सांगितलं, त्याला बोटीचा फोन आला. इतके दिवस मी मनात तुझ्याशीच भांडत होते. शाळेतून तक्रार आलेली, लग्नात पंगतीला बायका बघतात, आईने शिस्त लावायची नाही तर कुणी लावायची? डावा हात नको हे बाबांचं म्हणणं निदान होडीपुरतं खरं तरी होतं. दोर ज्या बाजूने येतो त्या बाजूला हात लागतो, नाहीतर बोटं जातात, ही त्यांची भीती होती. माझ्या घरात कुठला दोर होता?

आणखी एक आहे. ते तुला माहीत नाही.

तू सात वर्षांचा होतास आणि मी अकराची. बाबा पाच दिवस समुद्रावर होते. ते पाच दिवस आईने तुला काहीच म्हटलं नाही. तू डाव्या हाताने जेवलास, डाव्या हाताने पाटीवर होड्या काढल्यास. बाबा परतले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी जाळ्याच्या दोरीने तुझा हात बांधला. आठ दिवस. तुला वाटलं, आईने सांगितलं. घरात मोठी तीच होती, दुसरं कोण सांगणार?

मी सांगितलं. ते घरी पोचायच्या आत, किनाऱ्यावर, मी मासळीची पाटी धरायला गेले होते तेव्हा. त्यांनी विचारलंही नव्हतं. "हुशार हाय माजी पोर," असं म्हणाले. तेवढं ऐकायला मी सांगितलं.

आईला कळलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. तू तिच्याशी धड बोलायचा थांबलास, तेही तिने सोसलं. ती शेवटची पालघरच्या दवाखान्यात होती तेव्हा व्हरांड्यात तू मला म्हणालास, "तिने तेव्हा एकदा तरी माझी बाजू घ्यायला हवी होती." मी तुझ्या शेजारी उभी होते. तेव्हाही बोलले नाही. पाच दिवस तिने तुझीच बाजू घेतली होती, रूपेश. ती मोडली मी.

हे वाचून तुला काय वाटेल ते वाटू दे. रागाने पत्र फाडलंस तरी मी समजेन. पण आईवरचा राग तेवढा उतरव. तो तिच्या वाट्याचा नव्हता.

आता रिद्धीचं. चार आठवडे झाले. पहिल्या दिवशी उलट्या तारा बघून पुंडलिक सरांनी डोकं खाजवलं, मग म्हणाले, "चालेल, हिला माझ्या समोर बसवतो. आरशात बघितल्यासारखं दिसेल, बाकीच्यांपेक्षा सोपं जाईल." आणि खरंच सोपं जातंय. दोन सूर तिला स्वच्छ येतात, तिसऱ्यावर जाताना अडखळते, स्वतःवरच चिडते, पुन्हा करते. बोटांची टोकं कडक झालीत, ती येईल त्याला दाखवते. शाळेत मी स्वतः जाऊन बाईंना सांगून आले, ती डाव्याने लिहील. अक्षर अजून वाकडं आहे, पण वही आता लपवत नाही.

काल तिने विचारलं, "मामा पण माझ्यासारखाच ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "मग त्याला पण उलटीच गिटार लागेल." तुला शिकवायचं तिने ठरवून टाकलंय. तुला विचारायची तिला गरज वाटलेली नाही.

ये, असं मी लिहीत नाही. तो हक्क मी घालवला आहे. पण आलास तर ज्या हाताने जेवायचं त्या हाताने जेव. बघायला कुणी बसणार नाही.

पाकिटावरचा पत्ता रिद्धीने घातला आहे. शाई जराशी फिसकटली आहे. डाव्या हाताने लिहिताना हात ओल्या अक्षरांवरून जातो, हे मला या महिन्यात कळलं. तुला माहीतच असेल. मी तिला दुसरं पाकीट दिलं नाही.

तुझी चुगली करणारी,
आणि तरी तुझीच ताय,
उन्नती