मनिषच्या वाटचा कडू घास

गंजाड,
मंगळवार, २९ मार्च २०१६

चि. मनिष,

ताईचे तुला, चंद्रिकाला आणि लहानग्या पुतळीला अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. वेवजीलाही ऊन तापलं असेल. कंपनीतली तुझी रात्रपाळी सुटली की अजून चालूच आहे? पुतळी आता बोलायला लागली असेल.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोन लावला की चंद्रिका उचलते आणि "ते बाहेर गेलेत" म्हणते. बिचारीला खोटं बोलता येत नाही, आणि मागून तुझा खोकला मला ऐकू येतो. म्हणून हे पत्र झिपरूमामाच्या हाती देते आहे. तू शेवटपर्यंत वाचल्याशिवाय दारातून हलू नको, असं त्याला बजावलं आहे. त्याला चहा दे.

माझं काम बरं चाललं आहे. डहाणूला समुद्राच्या बाजूला चिकूच्या वाडीत निसर्गोपचाराचं केंद्र आहे, तिथे मी स्वयंपाकाला जाते. सध्या तिथे वसंत ऋतूचं शुद्धीचं खाणं चालू आहे. तिथल्या डॉक्टर मॅडम चिनी वैद्यक शिकून आल्या आहेत, सुयाही टोचतात. मुंबईची माणसं गाडी करून येतात आणि मुगाचं पाणी पिऊन बसतात. तेल नाही, तळण नाही, आंबट कमी, पालेभाजी भरपूर. काल एक शेठ हळूच स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "बाई, एखादी भजी मिळेल का?" मी त्याच्या हातात शेवग्याच्या पाल्याची वाटी दिली. त्याचं तोंड बघायला हवं होतंस.

मॅडम सांगतात, चिनी वैद्यकात वसंत हा यकृताचा ऋतू. थंडीभर जड खाल्लेलं या दिवसांत बाहेर पडावं म्हणून हलकं खायचं, कोवळा पाला आणि मोड आलेलं कडधान्य खायचं. आणि राग यकृतात राहतो म्हणे. तो साचला की माणूस आतून आजारी पडतो. हे ऐकलं आणि माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. मला आपली होळीनंतरची सकाळ आठवली.

आठवते ना तुला? होळीची राख थंड झाली की आई सुकट, तेल आणि बाची ताडी, सगळं बंद करायची. बा दिवसभर कुरकुरत फिरायचा. आई कडुनिंबाचा मोहोर पाट्यावर वाटायची, शेवग्याचा पाला शिजवायची, नागलीची भाकरी भाजायची. मग आपण सगळे दारातल्या मोहाच्या झाडाखाली बसायचो. वर्षभरात ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याच्या हातून कडू घास खायचा, आणि तो गिळल्याशिवाय मोहाचं एक फूलसुद्धा तोंडात घालायचं नाही, हा आपल्या घरातला नेम. बा होता तोवर आई आणि तो दर वर्षी एकमेकांना भरवायचे, त्यांचं भांडण कधी चुकलंच नाही. तुझ्यासाठी मी मुद्दाम मोठा गोळा करायचे आणि तू माझ्या बोटाला कडकडून चावायचास. डोळ्यांत पाणी, नाक गळतंय, आणि लगेच हात पुढे, "आता फुलं दे." भाजलेल्या मोहाच्या फुलांचा तो वास आता कुठेच येत नाही. मला त्या सकाळींची फार आठवण येते, मनिष.

तोच मोह तू तोडलास. घरकुलाच्या खोलीला जागा हवी होती, हे खरं. पण आई माझ्याकडे पलीकडच्या पाड्यावर आली होती, तो दिवस गाठून तोडलास. तिला विचारलं नाहीस. ती परत आली, पडलेल्या झाडाकडे बघितलं आणि म्हणाली, "माज्या दारात परत पाय ठेवू नको." तू ठेवला नाहीस. दोघं एका मातीचे. खोलीला अजून दार बसलेलं नाही.

तेव्हापासून दर होळीनंतर मी मोहोर वाटते, आणि आई तोंड फिरवते. "तो मनिष्याच्या हातचा हाय. मना नको." कडू नाही, म्हणून मोहही नाही. शेजारची निलम ओंजळभर फुलं आणून देते, आई ती तशीच परत पाठवते.

आणखी एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. मोहाच्या खोडाला फुटवे आले आहेत. तांबूस पालवी आहे, गुडघ्याएवढी. बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून आईने भोवती काटे लावले. मी विचारलं तर म्हणाली, "मी नांय लावलं." भांडी धुतलेलं पाणी मात्र रोज तिथेच ओतते.

ओतायची. वर सगळं ठीक लिहिलं ते सवयीने लिहिलं.

दिवाळीपासून आईचं जेवण कमी झालं. मला वाटलं, तुझ्यावरचा रागच साचलाय तिच्या पोटात, मॅडमचं खाणं दिलं की निघेल. म्हणून तिला केंद्रात घेऊन गेले. मॅडमनी तिच्या दोन्ही मनगटांवर बराच वेळ बोटं ठेवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "निर्मला, हे खाणं धडधाकट माणसांसाठी. यांना मऊ भात दे, पेज दे, आणि उद्याच मोठ्या दवाखान्यात ने." नेलं. यकृतात गाठ आहे. फार वाढली आहे. तिथले डॉक्टर म्हणाले, घरी न्या, मागतील ते खाऊ द्या.

या होळीनंतर तिने स्वतःहून मोहोर मागितला. म्हणाली, "दोन घास कर. एक माजा, एक मनिष्याचा. त्याचा राग पण मीच खाते. पोराच्या अंगात नको राहायला."

पहिला तिने गिळला. चेहरासुद्धा वाकडा केला नाही. दुसरा ओठांपर्यंत नेला, पण ठसका लागला, तो काही उतरेना. पुन्हा नेला. मग पानावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. ज्याचा त्याने खावा." मी चुलीकडे तोंड करून रडले.

मलाही तुझा राग येतो, मनिष. खूप येतो. माझ्या हातचाही एक घास तुझ्याकडे राहिला आहे आणि तो मी लहान करणार नाही. पण निंबाचा मोहोर आता गळायला लागला आहे. आईला अजून हात उचलता येतो, आधार दिला की ती तुला भरवू शकेल. मोहोर संपायच्या आत ये. ये असं ती म्हणाली नाही, ती म्हणणारही नाही. पण मी आता रात्री तिच्याजवळच असते, आणि झोपताना ती मला दाराची कडी लावू देत नाही.

चंद्रिकाला आणि पुतळीला घेऊन ये. झिपरूमामाकडे उत्तर देऊ नकोस, त्याच्याबरोबर नीघ.

बोट पुढे करून बसले आहे. चावायचं तर चाव.

तुझी
निर्मलाताई